हाड मोडतं तेव्हा काय मोडतं?



जेवण नुकतंच झालंय, पुढे गाण्यांचा कार्यक्रम आहे आणि मधला अर्धा तास संयोजकांनी माझ्या ताब्यात दिलाय. "तू इतकी वर्षं प्रयोगशाळेत काय केलंस ते आम्हाला कळेल असं सांग," एवढीच त्यांची अट. कार्यक्रमपत्रिकेसाठी 'स्नेहबंधांकडून रासायनिक बंधांकडे' असं शीर्षकही त्यांनी सुचवलं होतं. ते मी हात जोडून नाकारलं. रासायनिक बंधांना स्नेहबिह काही नसतो. अमुक इतका जोर लागला की तुटायचं, एवढंच त्यांना कळतं. माझं सगळं काम त्या तुटण्याबद्दलच आहे. हाड, कातडी, केस, रेशीम, शिंपला या सजीवांनी घडवलेल्या वस्तू ओझं कशा पेलतात, आणि मोडतात तेव्हा त्यांच्या आत नेमकं काय मोडतं.

हाच विषय निवडायला आणखी एक कारण आहे. आपल्या ग्रुपवर गेलं वर्षभर शुभेच्छांच्या खालोखाल कशाची देवाणघेवाण होते, तर हाडांच्या घनतेच्या रिपोर्टची. "माझा टी-स्कोअर छान आला, आता काळजी नाही." आणि याच ग्रुपवर निम्म्या लोकांची साखरही येऊन पडते. या दोन रिपोर्टांचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो ग्रुपवर कुणी बोलत नाही. आपल्यातल्याच एका मैत्रिणीचं मनगट गेल्या पावसाळ्यात अंगणात साधं घसरून मोडलं. तिचा घनतेचा रिपोर्ट चांगला होता. तिच्या परवानगीनं हे सांगतेय. "हाड चांगलं होतं, तर मोडलं कसं?" हा तिचा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला थोडं लांबून यावं लागेल.

आता या दोन ताटल्या फिरवते. शाकाहारी मंडळींनी नुसतं बघून पुढे द्या. दोन्हींत कोंबडीच्या तंगडीचं हाड आहे. पहिलं आठ दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं होतं. वाकवून बघा, रबरासारखं वाकेल. आम्लानं त्यातलं कॅल्शियमचं खनिज विरघळवून नेलं, मागे राहिलं ते कोलॅजन नावाचं प्रथिन. दुसरं हाड निखाऱ्यात जाळलेलं आहे. त्यातलं प्रथिन गेलं आणि खनिज तेवढं उरलं. आकार तोच, पण दोन बोटांत दाबलंत तर खडूसारखा चुरा होईल. वजनानं पाहिलं तर हाडात ढोबळमानानं दोन तृतीयांश खनिज असतं, बाकी कोलॅजन आणि पाणी. घनतेच्या तपासणीत, म्हणजे डेक्सात, क्ष-किरण मोजतात ते मुख्यतः खनिज. वाकणाऱ्या भागाची प्रकृती कशी आहे, हे त्या आकड्यात येत नाही.

तो वाकणारा भाग समजून घ्यायला आधी केसांकडे जाऊ. शाळेच्या दिवसांत आम्हा मुलींच्या आया रविवारी न्हाऊ घालून, केस अर्धवट ओले असतानाच घट्ट वेण्या घालायच्या. सोमवारी सकाळी वेणी सोडली की केसांना नागमोडी वळण आलेलं असायचं, आणि पुन्हा पाणी लागलं की ते जायचं. यात अख्खं रसायनशास्त्र आहे. केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचे लांब धागे. धाग्यातला एक अणू दुसऱ्याला जोडलेला असतो तो सहसंयुज बंधानं, म्हणजे इलेक्ट्रॉनांची भागीदारी करून. हा बंध दणकट. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते. पण शेजारशेजारचे धागे एकमेकांना धरून असतात ते बरेचसे हायड्रोजन बंधांनी, आणि तो तोडायला २०च्या आसपास पुरते. पाणी आत शिरलं की हे बंध सुटतात, केस वाळताना नव्या जागी जुळतात. म्हणून वेणीचं वळण टिकतं, पण पुढच्या न्हाणापर्यंतच.

ब्यूटी पार्लरमध्ये कायमचे कुरळे करून घेतात तेव्हा वेगळ्याच बंधाला हात घातला जातो. केराटिनमध्ये गंधक भरपूर. केस जळाल्यावर जो वास येतो त्यात या गंधकाचा मोठा वाटा असतो. दोन धाग्यांवरचे गंधकाचे दोन अणू हात धरतात, त्याला डायसल्फाइड बंध म्हणतात. पार्लरमधलं पहिलं औषध हे हात सोडवतं, मग केस गुंडाळतात, आणि दुसरं, बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड, नव्या जागी हात पुन्हा जुळवतं. सगळे पुन्हा जुळतातच असं नाही. म्हणून वारंवार हे करून घेतलेले केस कंगव्यात तुटून येतात.

माझ्या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिला धक्का इथेच बसतो. त्याला वाटत असतं, मजबूत वस्तू म्हणजे मजबूत बंध. तसं असतं तर निसर्गानं सगळीकडे सहसंयुज बंधच वापरले असते. पण जिथे चिवटपणा हवा तिथे निसर्ग अशक्त बंध वापरतो, फक्त ते फार मोठ्या संख्येनं आणि नेमक्या जागी वापरतो. कोळ्याचा धागा घ्या. ज्या धाग्याला कोळी लोंबकळतो, तो ओढून तोडायला लागणारा ताण चांगल्या पोलादाच्या तोडीचा असतो, आणि तुटण्याआधी तो बराच लांबतो, ही पोलादाच्या आवाक्यापलीकडची गोष्ट. त्यात प्रथिनाचे बारीक स्फटिक असतात, आणि स्फटिकातल्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना चिकटलेल्या. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मार्कस ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली संगणकावर दाखवून दिलं की हे स्फटिक काही नॅनोमीटरचे असतात म्हणूनच धागा दणकट आहे. तेवढ्या लहान तुकड्यात सगळे हायड्रोजन बंध एकदम जोर लावतात. स्फटिक मोठा केला की तो वाकतो आणि बंध एकेक करून, चेन उघडावी तसे सुटत जातात. बंध तेच, संख्येनं जास्तच, आणि तरी वस्तू कमजोर.

रेशीम निघालंच आहे तर एक घरगुती गोष्ट सांगून टाकते. आजीची पैठणी कपाटातून काढली की ती घडीवर विरलेली असते. प्रकाशानं आणि हवेतल्या ऑक्सिजननं रेशमाच्या साखळ्याच मधे मधे तुटत जातात, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी मोडलेल्या घडीवर ताण एकवटतो. घड्या बदलत राहा म्हणतात ते याचसाठी.

आता शिंपला. आतून मोत्यासारखा चमकतो त्या थरात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे चुनखडीच. पण अ‍ॅबलोनी नावाच्या समुद्री गोगलगायीच्या शिंपल्यातला हा थर फोडायला नुसत्या खनिजापेक्षा सुमारे ३००० पट ऊर्जा लागते. उरलेल्या पाच टक्क्यांत, खनिजाच्या चकत्यांमध्ये लिंपलेल्या प्रथिनात, ही करामत आहे. कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे पॉल हॅन्समा यांच्या गटानं १९९९ साली त्या प्रथिनाचा एकेक रेणू अतिसूक्ष्म सुईच्या टोकाला चिकटवून ओढून पाहिला. ओढताना जोर सरळ वाढत जाऊन धागा एकदम तुटला नाही. जोर वाढे, एकदम उतरे, पुन्हा वाढे. कागदावर करवतीच्या दात्यांसारखा आलेख आला. रेणूमध्ये जागोजागी गाठी मारल्यासारखे दुय्यम बंध होते. आधी एक गाठ सुटे, तिच्यात दडलेली लांबी मोकळी होई, मग दुसरी. मुख्य धागा शाबूत राहून प्रत्येक सुटणारी गाठ थोडी ऊर्जा गिळत होती. यांना त्यांनी आत्मबलिदानी बंध म्हटलं. नाव जरा नाटकी आहे, पण काम अगदी तसंच. पुढे २००१ आणि २००५ साली त्यांच्याच गटाला हाडातही असाच डिंक सापडला, आणि त्याच्या गाठी बांधायला कॅल्शियमचे आयन लागतात असं दिसलं. महत्त्वाचं म्हणजे थोडी उसंत मिळाली की सुटलेल्या गाठी पुन्हा बसतात. आत्ता तुम्ही जिने चढून वर आलात तेव्हा तुमच्या हाडांत अशा किती गाठी सुटल्या आणि बसल्या असतील, मोजदाद नाही.

आणि आता मुख्य पात्र, कोलॅजन. हाडात, कातडीत, कंडरांत, रक्तवाहिन्यांत, सगळीकडे हेच. याची रचना उलगडण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे, आणि शाळेत ते आपल्याला कुणी सांगितलं नाही. (सर, तक्रार नाही, पुस्तकातच नव्हतं.) मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेच्या क्ष-किरण चित्रांवरून १९५४ साली मांडलं की कोलॅजन म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ आहे. रामचंद्रन तेव्हा पुरते बत्तीस वर्षांचेही नव्हते किंवा नुकतेच झाले असतील. मला हा पीळ नेहमी तीन पेडांची वेणीच वाटतो. प्रत्येक पेडात सुमारे हजार अमिनो आम्लं, आणि दर तिसरं ग्लायसिन. कारण वेणीच्या पोटात सगळ्यात लहान अमिनो आम्लाखेरीज कुणाला जागाच नाही. एका ठिकाणी ग्लायसिनच्या जागी दुसरं काही आलं, की वेणी तिथे नीट वळत नाही. हजारात एक चूक, आणि बाळ जन्मतःच ठिसूळ हाडं घेऊन येतं. साधं उचलून घेतानाही हाड मोडू शकतं, असा हा आजार आहे.

वेणी टिकायला आणखी एक गोष्ट लागते. तिच्यातल्या प्रोलिन या अमिनो आम्लावर एक हायड्रॉक्सिल गट बसवावा लागतो, आणि ते काम करणाऱ्या विकराला क जीवनसत्त्व हवं. तो गट नसेल तर वेणी सुमारे २४ अंश सेल्सियसलाच सुटते. आपलं शरीर ३७ अंशांवर. म्हणजे अंगच तिला उलगडून टाकतं. लांबच्या सफरींवर खलाशांना स्कर्व्ही व्हायचा तो हाच. हिरड्या सुजून दात हलायचे, आणि वर्षांपूर्वी भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या. कारण व्रणातलं कोलॅजन सतत झिजत आणि नव्यानं भरत असतं, आणि भरणं थांबलेलं असायचं. जेम्स लिंड यांनी १७४७ साली बारा आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबं मिळालेले दोघं बरे झाले. का, ते कळायला पुढची दोन शतकं गेली. उलट बाजूनं हीच वेणी आपण चुलीवर सोडवतो. पाया तासन् तास उकळला की पेड सुटे होतात, आणि रस्सा गार झाल्यावर थिजतो. ते थिजलेलं म्हणजे सुटलेल्या वेण्यांचं जिलेटिन.

वेण्या झाल्या, आता त्या एकमेकींना शिवायच्या. इथे गोधडी डोळ्यांसमोर आणा. थरांवर थर टाकले आणि टाके विरळ घातले तर गोधडी चार दिवसांत पसरते. शरीरात हे टाके घालणारं एक विकर आहे, त्याला तांबं लागतं. ते वेण्यांच्या टोकांजवळ नेमक्या जागी सहसंयुज टाके घालतं. हे विकर बंद पाडलं तर काय होतं, हे बागेतल्या गोडवाटाण्याच्या फुलझाडानं दाखवून दिलं. त्याच्या बिया खाऊ घातलेल्या उंदरांची हाडं वाकडी झाली आणि महारोहिणी फुगून फुटली. बियांतलं एक द्रव्य टाकेच पडू देत नव्हतं. (आपल्या विदर्भातली लाखोळी याच कुळातली, पण तिचं विष वेगळं, ते मज्जातंतूंना धरतं.) आणि माणसानं मुद्दाम घातलेले टाके बघायचे असतील तर कोल्हापुरी चपलेकडे बघा. बाभळीची साल आणि हिरडा यांच्यातलं टॅनिन कातड्यातल्या कोलॅजनला जागोजागी धरून ठेवतं. म्हणून कच्चं कातडं कुजतं आणि कमावलेलं वर्षानुवर्षं चालतं.

टाके कमी पडले की काय होतं ते पाहिलं. जास्त झाले तर? गोधडीवर बोटबोटभर अंतराऐवजी इंच न् इंच शिवण मारत सुटलात तर ती फळीसारखी ताठ होईल, अंगाभोवती गुंडाळताच येणार नाही. आपल्या जुन्या सायकलींचे टायर आठवतात? रबरात गंधकाचे टाके घालून ते टायरजोगं करतात. वर्षं गेली, ऊन खाल्लं की त्यात नको तेवढे टाके पडतात, टायर कडक होतो आणि त्याला भेगा जातात.

तुमच्या-माझ्या कोलॅजनमध्ये हे जादा टाके घालते ती साखर. भाकरीवर तांबूस डाग पडतात, कांदा परतल्यावर तपकिरी होतो, त्यामागे जी साखर आणि प्रथिन यांची अभिक्रिया आहे तिचं वर्णन लुई मेलार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली केलं. तव्यावर ती मिनिटांत होते. अंगात ३७ अंशांवर ती फार सावकाश होते, पण थांबत नाही. तुम्ही सगळे तिचं मोजमाप ओळखता. 'तीन महिन्यांची साखर', एचबीएवनसी, म्हणजे हिमोग्लोबिनवर बसलेली साखरच. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तो हिशेब तीन महिन्यांचा. पेशी मेली की पाटी कोरी. कोलॅजनला ही सवलत नाही. कातडीतल्या कोलॅजनचा अर्धा साठा बदलायला साधारण पंधरा वर्षं लागतात, आणि सांध्यातल्या कूर्चेतल्या कोलॅजनला शंभराहून जास्त. म्हणजे तिथली पाटी आयुष्यात पुसलीच जात नाही. साखर आधी एका वेणीला चिकटते, मग रूप बदलत शेजारच्या वेणीलाही धरते, आणि कायमचा टाका पडतो. तो विकरानं घातल्यासारखा टोकाशी नसतो, मिळेल तिथे असतो.

हाडावर जोर येतो तेव्हा कोलॅजनचे तंतू एकमेकांवरून किंचित घसरतात, मधल्या गाठी सुटतात, ऊर्जा जिरते, आणि पडलेली बारीक चीर वळणं घेत थकून थांबते. जादा टाक्यांनी हे घसरणंच बंद होतं. बर्कलेच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट रिची यांच्या गटानं तरुण आणि वृद्ध माणसांच्या हाडांवर क्ष-किरण रोखून ती ओढली, तेव्हा २०११ साली नेमकं हेच दिसलं. वृद्ध हाडातले तंतू नीट घसरत नव्हते, आणि चीर सोप्या वाटेनं पुढे जात होती. मधुमेहात या टाक्यांची भर वेगानं पडते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आढळलं की टी-स्कोअर तोच असला तरी टाइप २ मधुमेह असलेल्या वृद्धांचं हाड मोडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सगळा दोष टाक्यांचा नाही. पायांची जाणीव कमी होणं, नजर मंदावणं, साखर एकदम उतरून चक्कर येणं, यांमुळे माणूस पडतोही जास्त. पण आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे. तिच्या हाडात खनिज भरपूर होतं. पंधरा वर्षांच्या मधुमेहानंतर त्याला धरणारी गोधडी ताठ झालेली असणार.

आता एक करा. शाळेच्या प्रार्थनेला जोडायचो तसे हात जोडा. तळवे आणि बोटं पूर्ण टेकवा. ज्यांच्या बोटांमध्ये फट राहते, कितीही दाबलं तरी बोटं सपाट जुळत नाहीत, त्यांनी ते डॉक्टरांना जरूर सांगा. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांत हातांची कातडी आणि कंडरा ताठ झाल्यानं असं होतं. संधिवातानंही होऊ शकतं, म्हणून इथेच निदान करत बसू नका. तुमच्यातल्या ज्यांचा खांदा आखडलाय त्यांनाही हेच सांगेन. मधुमेहींत तो जास्त आखडतो, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. आपल्यालाच नसतं.

पडलेले टाके उसवणारं औषध आज बाजारात नाही. प्रयत्न झाले, पुढे गेले नाहीत. म्हणून नवे टाके सावकाश पडतील एवढंच बघायचं, म्हणजे साखर आवाक्यात ठेवायची. हाड सतत मोडून नव्यानं बांधलं जातं, त्यामुळे तिथे थोडी आशा जास्त आहे. चालणं आणि वजन पेलणारा व्यायाम त्या बांधणीला कामाला लावतो. घनतेचा रिपोर्ट दाखवायला जाल तेव्हा मधुमेह किती वर्षांचा आहे, हे विचारायची वाट न बघता सांगा. आणि न्हाणीघरातली फरशी खडबडीत करून घ्या, रात्री वाटेत दिवा ठेवा. माझ्या सगळ्या संशोधनापेक्षा यानं जास्त हाडं वाचतील.

प्रश्नांच्या चिठ्ठ्यांत एकच प्रश्न पाच जणांनी विचारलाय, तेवढा घेते: कोलॅजनची पावडर घ्यावी का? पोटात गेलेलं कोलॅजन इतर प्रथिनांसारखंच पचतं, अमिनो आम्लं आणि त्यांचे लहान तुकडे होतात. ती वेणी वेणी म्हणून हाडात जाऊन बसत नाही. शरीर आपली वेणी आपणच घालतं, त्याला प्रथिन हवं आणि क जीवनसत्त्व हवं. डाळ-उसळ, दूध, अंडं, आणि हिवाळ्यात आवळा. डबा विकत घेतलाच असेल तर संपवून टाका, दुसरा आणू नका. आणि ताटल्या इकडे परत पाठवा. जळक्या हाडाचा एव्हाना चुरा झालेला दिसतोय.